मान हलली म्हणून

नोकरीच्या शेवटच्या दिवशी मला कोणी शाल-श्रीफळ दिलं नाही. आमच्या हॉस्पिटलात माळी निवृत्त झाला तरी चॅपलमध्ये प्रार्थना होते, चहा-खारी होते, दोन माणसं भाषण करतात. माझ्या वेळी मी चादरींच्या खोलीची किल्ली ऑफिसातल्या टेबलावर ठेवली, पिशवी खांद्याला लावली आणि गेटबाहेर आले. ओळखीचा रिक्षावाला म्हणाला, "आज लवकर सुटलासा, सिस्टर?" मी म्हटलं, "आज कायमची सुटले."

या अंकाच्या संपादकबाईंनी "नर्सच्या नोकरीतल्या गमतीजमती लिहा" असं सांगितलंय. गमती पुष्कळ आहेत. पण चादरींच्या खोलीत मी कशी पोहोचले ते आधी सांगितलं नाही, तर बाकीचं सगळं खोटं वाटेल. म्हणून तेवढंच लिहिते.

मी ख्रिस्ती आहे. आजोबांपासून आम्ही कोल्हापूरच्या मंडळीत, म्हणजे इथल्या चर्चमध्ये आहोत. नर्सिंग शिकले मिशनच्या हॉस्पिटलात आणि नोकरीही तिथंच केली. पुढची बरीच वर्षं पुरुषांच्या मेडिकल वॉर्डची मुख्य सिस्टर होते. मुख्य सिस्टर म्हणजे काय हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. लोकांना वाटतं, इंजेक्शन देणारी. इंजेक्शन हाताखालच्या मुली देतात. मुख्य सिस्टरचं काम दाराचं असतं. कोण आत येणार, किती वेळ बसणार, काय खायला घालणार, पेशंटच्या कानात काय सांगणार, हे ती बघते. डॉक्टर दिवसातून दोनदा येतात आणि औषध लिहून जातात. उरलेला सगळा वेळ पेशंट आणि जग यांच्या मधोमध ती उभी असते. नातेवाईक शिव्या देतात, पुढारी फोन करतात, भोंदूबाबा उशीखाली अंगारा सरकवतात. मी सगळ्यांना पुरून उरले होते.

गुलाबभाई मुजावरांची ओळख अशीच झाली. ते उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत मोल्डर होते. त्यांची बायको हसीनाभाभी साखरेनं आजारी पडून आली होती. आमचा बायकांचा वॉर्ड तेव्हा रंगकामासाठी बंद होता, म्हणून दोन-चार बायका माझ्याकडं पडदा लावून ठेवल्या होत्या. रमजान चालू होता आणि भाभींनी तशा अवस्थेत रोजा धरला होता. तरुण डॉक्टर चिडून म्हणाले, "कसला रोजा घेऊन बसलाय? मराल." त्यावर भाभींनी तोंड भिंतीकडं फिरवलं आणि पाणीही बंद केलं.

डॉक्टर गेल्यावर मी स्टूल ओढून बसले. म्हटलं, "भाभी, तुमचा धर्म काय सांगतो ते मी सांगणार नाही. तो माझा अधिकार नाही. साखर काय करते तेवढं सांगते." आणि सांगितलं. मग गुलाबभाईंना त्यांच्या इमामांकडं पाठवलं. इमामसाहेबांनी निरोप दिला की आजाऱ्याला सूट आहे, बरं झाल्यावर भरून काढता येतं. तरी भाभी पहिला घास घेताना रडल्या. मी ताट धरून बसले होते. 'रडायचं काय त्यात, परवानगी आहे ना' असं मी म्हटलं नाही. उपास मोडल्याचं दुःख परवानगीनं जात नाही, हे मला ठाऊक होतं.

पुढं बऱ्याच वर्षांनी गुलाबभाई एका म्हाताऱ्या माणसाला धरून माझ्या वॉर्डाच्या दारात उभे राहिले.

"सिस्टर, ह्यो माझा दोस्त. मोशे झिराडकर. आमच्या कारखान्यात पॅटर्न करत हुता. ह्येला तुमच्याच वार्डात घ्या. हसीनाला तुमी उठवून बसवलंसा, ह्येलाबी बघा की."

पॅटर्न म्हणजे लाकडाचा नमुना. मोशेभाऊ लाकडाचं भांडं, चाक, पंपाचं अंग हुबेहूब घडवायचे. गुलाबभाई त्याच्याभोवती वाळू ठासायचे, नमुना अलगद उचलायचे आणि त्या पोकळीत वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतायचे. एकाच्या हातात लाकूड, दुसऱ्याच्या हातात वाळू, अशी दोघांची उमर गेली होती.

मोशे नाव ऐकून आमच्या मुलींनी त्यांना ख्रिस्तीच धरलं. सकाळी प्रार्थनेला येणाऱ्या बायकांनी त्यांच्या खाटेपाशी गाणं म्हटलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग मला म्हणाले, "सिस्टर, गाणं चांगलं हाय. पण मी तुमच्यातला न्हवं. मी बेने इस्राएल. यहुदी."

शाळेत असताना मी जुन्या करारात ज्यांच्या गोष्टी पाठ केल्या होत्या, त्यांच्यातलं जिवंत माणूस मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं. आणि हा माणूस माझ्यासमोर बसून भाकरीचा तुकडा आमटीत बुडवत होता. कोकणातल्या खेड्यातून त्यांचे वडील कामाला म्हणून वर घाटावर आले आणि इथलेच झाले. बायको वारली होती. एकुलती मुलगी रिव्का लग्न होऊन इस्राएलला गेलेली. कोल्हापुरात त्यांचं म्हणावं असं माणूस गुलाबभाईच.

दोघांची मैत्री होती, पण गोडीगुलाबीची नव्हे. भेटीच्या वेळेला गुलाबभाई डबा घेऊन यायचे आणि अर्ध्या तासात वाद सुरू व्हायचा. दोघांच्याही धर्मातला मूळपुरुष इब्राहीम, त्यानं कुठल्या मुलाला कुर्बानीला नेलं, इथपासून सुरुवात. एक म्हणे इस्माईल, दुसरा म्हणे इसहाक. आसपासच्या खाटांवरचे राधानगरी, आजऱ्याकडचे शेतकरी कुस्ती बघावी तसे ऐकायचे.

मोशेभाऊ शनिवारी हत्याराला हात लावायचे नाहीत. गुलाबभाई शुक्रवारी दुपारी नमाजला जायचे. उद्यमनगरची सुट्टी सोमवारची. त्यांचे जैन शेटजी म्हणायचे, "तुमच्या देवांनी माझा आठवडा खाल्ला." पण त्यांनी दोघांनाही कधी काढलं नाही.

डब्यात बहुधा मटण असे. मोशेभाऊंचा एक नियम होता, मांसाबरोबर दूधदुभतं चालत नाही. मी गुलाबभाईंना विचारलं, "मटणाला दही लावत नाही तुम्ही?"

"आमच्या घरात मटनाला दही लावतच न्हाईत," ते म्हणाले. "ह्यो जेवायला यायला लागल्यापास्नं बंद हाय. पोरास्नी वाटतंय मटन असंच करत्यात."

एकदा फळं वाटायला एक साहेब आले होते. दोघांचं भांडण ऐकून त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "अहो, सगळे धर्म शेवटी एकच सांगतात."

मोशेभाऊंनी केळं सोलता सोलता विचारलं, "तुमी वाचल्यात व्हय सगळे?"

साहेब हसून पुढच्या खाटेकडं गेले. मोशेभाऊ मला म्हणाले, "एकच सांगत असतं, तर मी आणि ह्यो उगंच भांडलो म्हणायचं जन्मभर."

मला ते फार पटलं. आजही पटतं. मी येशूला प्रभू मानते. गुलाबभाई त्याला पैगंबर मानतात, देव मानणं त्यांना पाप वाटतं. मोशेभाऊंच्या लेखी तो दोन्ही नव्हता. या तीन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत, हे कुठल्याही शहाण्या माणसाला कळतं. 'सगळं एकच' म्हणणाऱ्याला सहन करायला काही लागतच नाही. समोरचा चुकतोय असं मनापासून वाटत असताना त्याच्यासाठी मटणातलं दही बंद करणं, याला काहीतरी लागतं.

मोशेभाऊंच्या किडन्या गेल्या होत्या. डायलिसिस करून बघितलं, पण हृदयाला झेपेना. त्यांनी स्वतःच ते थांबवायला सांगितलं. डॉक्टरांनी रिव्काशी फोनवर बोलून तिला सगळं समजावलं. तिला तिकडून निघायला तिकीट मिळत नव्हतं. रोज दुपारी ती फोनवर दिसायची आणि बाप-लेक मराठीत बोलायचे. ती तिकडच्या भाज्यांची तक्रार करायची.

शुद्धीत होते तेव्हा एका दुपारी त्यांनी मला जवळ बसवलं. म्हणाले, "सिस्टर, आमच्यात मरताना शेमा म्हणायची असते. देव एकच, एवढंच हाय त्यात. लहानपणापास्नं रोज म्हटलीय, डोळ्यावर हात ठेवून. शेवटाला मला म्हणता आली न्हाई, तर रिव्काला फोन लावा. ती म्हणंल."

"लावीन," मी म्हटलं.

"आणि दुसरं कुणी काय म्हणायला आलं तर?"

"मी आहे ना."

इतकं साधं बोलणं. कागद नाही, साक्षीदार नाही. पण नर्सनं पेशंटला दिलेला शब्द हा आमच्या धंद्यात औषधाइतकाच मोजला जातो, निदान माझ्या वॉर्डात तरी.

आता भास्करराव. ते आमच्या मंडळीचे वडील. आमच्याकडं धर्मगुरूला पाळक म्हणतात आणि मंडळीचा कारभार बघायला जी अनुभवी माणसं निवडतात त्यांना वडील. हॉस्पिटलच्या कमिटीवरही ते होते. भास्करराव दुष्ट नव्हते, हे मी आधीच सांगते. गरीब पेशंटचं बिल त्यांनी गुपचूप भरलेलं मी पाहिलंय. ज्याच्या जवळ घाणीनं कोणी बसत नाही अशा माणसाच्या खाटेवर बसून त्याचा हात धरताना पाहिलंय. माझं लग्न मोडलं तेव्हा माझ्या आईला धीर द्यायला तेच आले होते. पण वॉर्डात एक यहुदी आहे आणि तो जास्त दिवस काढत नाही, हे कळल्यापासून त्यांच्या डोळ्यांत वेगळंच काहीतरी आलं. ते रोज यायला लागले. मोशेभाऊंशी गोड बोलायचे, प्रभूविषयी सांगायचे. मोशेभाऊ ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "तुमचं तुमच्यापाशी असू दे, भास्करराव. माझं माझ्यापाशी हाय." तोवर माझी काही तक्रार नव्हती. शुद्धीतल्या माणसाला कोणीही काहीही सांगावं. त्याला नाही म्हणता येतं.

मग मोशेभाऊंना ग्लानी यायला लागली. किडनी बंद पडली की रक्तात घाण साचते आणि डोक्यावर धुकं चढतं. माणूस डोळे अर्धवट उघडतो, हूं म्हणतो, मान हलवतो, पण तो आपल्यात नसतो.

त्या दिवशी सकाळी डॉक्टरांचा राउंड संपला होता. मी दुसऱ्या टोकाला एकाचं सलाईन बघत होते. आमची एक मुलगी घाईनं आली आणि म्हणाली, "सिस्टर, मोशेकाकांच्या खाटेचा पडदा कुणी ओढलाय?"

मी गेले आणि पडदा बाजूला केला. आत भास्करराव आणि मंडळीतली दोन माणसं उभी होती. टेबलावर काचेच्या वाडग्यात पाणी होतं. भास्कररावांच्या हातात उघडलेलं उपासनेचं पुस्तक होतं.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"सरोजताई, बरं झालं आलात," ते म्हणाले. त्यांचा आवाज भरून आला होता. "यांनी स्वीकार केला. मी विचारलं, प्रभूला आपला तारणारा मानता का? यांनी मान हलवली. दोघं साक्षीला आहेत. वेळ थोडा आहे, बाप्तिस्मा देऊन घेऊ. पाळकसाहेब गावाला गेलेत, पण अशा वेळी चालतं."

मी मोशेभाऊंकडं बघितलं. डोळे अर्धे मिटलेले, ओठ सुकलेले. मी त्यांच्या तोंडाजवळ वाकले आणि मोठ्यानं विचारलं, "मोशेभाऊ, मी तुमची आई का?"

त्यांनी मान हलवली.

"मोशेभाऊ, पंचगंगा काश्मिरातनं येते का?"

मान हलली.

"मोशेभाऊ, तुम्ही भास्कररावांचे थोरले भाऊ ना?"

पुन्हा मान हलली. साक्षीला आलेल्यांपैकी एकानं नजर खाली घातली.

मी सरळ उभी राहिले आणि खाट आणि टेबल यांच्या मधे आले. "हा स्वीकार नव्हे. हा आजार आहे," मी म्हटलं. "शुद्धीत होते तेव्हा त्यांनी तुम्हाला रोज नाही म्हटलंय. मी ऐकलंय. तुम्हीही ऐकलंय."

"त्या वेळचं सोडा. शेवटच्या क्षणी देव अंतःकरण बदलू शकत नाही का?"

"बदलू शकतो. मग ते देव आणि मोशेभाऊ बघून घेतील. वाडग्याचं काम नाही."

"ताई, तुम्ही विश्वासणाऱ्या आहात. हा माणूस नाशाला जाताना तुम्ही बघत राहणार?"

हा प्रश्न मला लागला. कारण तो खोटा नव्हता. देवपित्याकडं जायचा मार्ग येशू हा एकच आहे असं मीही लहानपणापासून मानत आले होते. मोशेभाऊंसाठी मीसुद्धा घरी गुडघे टेकून प्रभूच्याच नावानं प्रार्थना करत होते, दुसऱ्या कुणाच्या नावानं मला करताही येत नाही. पण घरी गुडघे टेकणं वेगळं आणि ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या कपाळावर पाणी ओतणं वेगळं.

"मी त्यांना शब्द दिलाय," मी म्हटलं. "वाडगा उचला, भास्करराव. नाहीतर मी उचलून बेसिनमध्ये ओतते."

मग त्यांनी पुस्तक मिटलं. वाडगा तिथंच राहिला. मी तो उचलला आणि सांगितल्याप्रमाणं बेसिनमध्ये ओतला. वॉर्डातले सगळे बघत होते. थेंबही जमिनीवर सांडू दिला नाही.

लोकांना ही गोष्ट सांगितली की ते इथं खूश होतात. कट्टर माणूस हरला, संपली गोष्ट. पण तशी नाही ती.

दुपारी गुलाबभाई आले. मी त्यांना खाटेपाशी बसू दिलं आणि मोशेभाऊंचं तोंड ओल्या कापसानं पुसायला वाटी आणायला गेले. परत आले तर गुलाबभाई मित्राच्या कानाशी वाकून अगदी हळू काहीतरी पुटपुटत होते. मला शब्द कळले. ते कलमा म्हणत होते, मुसलमानांचं श्रद्धेचं वाक्य. एक तुकडा म्हणायचे, थांबायचे आणि मोशेभाऊंच्या ओठांकडं बघायचे.

"गुलाबभाई," मी म्हटलं.

ते दचकले. मग त्यांनी डोळे पुसले. "मला ठावं हाय, तुमी काय म्हणणार त्ये. सकाळचं समदं आईकलंय मी वार्डातनं."

"मग?"

"मग काय, सिस्टर? ह्यो माणूस माझ्या आयुष्यात असा हाय जसा हात. उद्या मी मेल्यावर मला जन्नत मिळाली आणि ह्यो तितं न्हाई, तर मी तितं करू काय? भांडू कुणासंगट?"

भास्कररावांना मी ताडकन बोलले होते. ह्या माणसाला काय बोलू? पण प्रेम होतं म्हणून काय झालं, प्रेम तर भास्कररावांनाही होतं, त्यांच्या परीनं. मी वाटी खाली ठेवली.

"गुलाबभाई, त्यांनी तुमच्यासाठी कधी काही बदललं का?"

"न्हाई. लई हट्टी."

"आणि तुम्ही?"

"मीबी न्हाई."

"मग आता ते दमलेत म्हणून त्यांना पाडायचं नाही. ही कुस्ती बरोबरीत सुटू दे."

कोल्हापूरच्या माणसाला एवढं पुरे झालं. गुलाबभाईंनी मान खाली घातली आणि मित्राचा पाय दाबत बसले. कानाशी पुन्हा गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्वास बदलला. आम्हा नर्सना तो आवाजावरून कळतो. मधे मधे खंड पडतो आणि मग एक लांब श्वास येतो. आम्हाला शिकवतात की ऐकणं सगळ्यात शेवटी जातं, म्हणून मरणाऱ्याच्या उशाशी वायफळ बोलायचं नाही. मी रिव्काला फोन लावला आणि फोन उशीवर त्यांच्या कानापाशी टेकवला. गुलाबभाई पलीकडं उभे होते.

रिव्कानं "पप्पा" म्हटलं. मग तिनं शेमा सुरू केली. सुरुवातीचे शब्द नीट आले आणि मग तिला रडू फुटलं. तिनं पुन्हा सुरू केली, पुन्हा तिथंच अडली. फोनच्या पडद्यावर नुसते तिचे केस दिसत होते.

मला ते इब्री, म्हणजे हिब्रू शब्द येत नव्हते. गुलाबभाईंना येत होते. रोज सकाळी काम सुरू करायच्या आधी मोशेभाऊ लाकडाच्या ढिगापाशी उभे राहून ते म्हणायचे आणि शेजारी वाळू चाळता चाळता गुलाबभाईंच्या कानावर ते आयुष्यभर पडले होते. ते पुढं आले. मोशेभाऊंचा उजवा हात त्यांनी उचलला, त्यांच्याच डोळ्यांवर ठेवला, वरून आपला हात धरला आणि ते वाक्य म्हटलं. त्यांच्या तोंडी ते कोल्हापुरी झालं होतं. फोनमधून रिव्का त्यांच्या मागोमाग म्हणू लागली आणि मग दोघांनी मिळून पुरं केलं.

"पप्पांचे ओठ हलले ना, सिस्टर?" तिनं विचारलं.

मला तसं दिसलं नव्हतं. कालच मी मान हलल्याचा अर्थ लावणाऱ्याला हाकललं होतं. म्हणून मी तिला म्हटलं, "मला सांगता येत नाही, बाळ. पण आवाज त्यांच्या कानाशी होता."

थोड्या वेळानं मोशेभाऊ गेले.

मी गुलाबभाईंना नंतर विचारलं, तुम्हाला ते म्हणायला जड गेलं नाही का? ते म्हणाले, "देव एकच हाय म्हणायला माझं काय जातंय? त्ये तर माझंच हाय. मी माझ्यापरीनं म्हटलं, त्येनं त्येच्यापरीनं आईकलं आसंल." घरी त्यांचा मुलगा मात्र चिडला. दुसऱ्यांची इबादत कशाला केली, म्हणाला. गुलाबभाईंनी त्याला एवढंच सांगितलं की तू मटन खातोस त्येबी त्येच्याच पद्धतीचं हाय. मुलाला ते कळलं नाही.

माणूस गेल्यावर आम्ही त्याला स्वच्छ करतो, नळ्या काढतो, हनुवटी बांधतो, अंग पुसतो. ते काम मी नेहमी स्वतः करायचे, मुलींवर टाकायचे नाही. पण रिव्कानं फोनवर विनंती केली की आंघोळ आमच्याच लोकांनी घालायची असते, पुण्याहून नातेवाईक निघालेत, तोवर नुसतं झाकून ठेवा. मी नळ्या काढल्या, डोळे मिटले आणि पांढरी चादर घातली.

संध्याकाळी पुण्याची माणसं आली. त्यांच्यातल्या एका वयस्क गृहस्थांनी मला वाकून नमस्कार केला, पण स्नानाच्या खोलीचं दार मात्र आतून लावलं. गुलाबभाई पाण्याची बादली घेऊन पुढं झाले होते. ते गृहस्थ त्यांना म्हणाले, "तुम्ही त्याला भावापेक्षा जास्त होता, हे रिव्कानं सांगितलंय. पण हे आमचंच काम आहे." गुलाबभाई बादली दाराशी ठेवून पायरीवर बसले. आत पाणी पडल्याचा आवाज येत होता.

मला ते टोचलं. ज्या माणसानं त्याच्यासाठी शेमा म्हटली त्याला बाहेर ठेवायचं? तोंडाशी शब्द आले होते, ते मी गिळले. दार लावायचा हक्क मी आदल्या दिवशी मोशेभाऊंना मिळवून दिला होता. आता ते दार आमच्याही तोंडावर लागलं, तर तक्रार कुठल्या तोंडानं करू? मी गुलाबभाईंशेजारी पायरीवर बसले. नंतर गुलाबभाई मयताच्या गाडीबरोबर दफनासाठी पुण्याला गेले. तिथं मात्र त्यांना माती टाकू दिली.

नंतर आठवड्याभरातच मला कमिटीपुढं बोलावलं. पाळकसाहेब होते, मोठे डॉक्टर होते, भास्करराव होते. पाळकसाहेब कळवळून म्हणाले, "सरोजताई, एका आत्म्याच्या तारणाच्या आड तुम्ही आलात, असं म्हणणं आहे."

मी म्हटलं, "साहेब, माझ्यासारखी बाई खाटेपुढं उभी राहिली म्हणून ज्याचं तारण अडतं, त्या देवाला मी ओळखत नाही. माझा प्रभू बंद दारातून आत येऊ शकतो. त्याला झोपलेल्या माणसाची मान हलवून घ्यायची गरज नाही."

"तुम्ही वडिलांचा अपमान केला. पाणी बेसिनमध्ये ओतलं."

"ते नळाचं पाणी होतं."

मोठे डॉक्टर हसू दाबत खिडकीबाहेर बघायला लागले. पण त्यांनी माझ्या बाजूनं एक शब्दही काढला नाही. मला सांगण्यात आलं की दिलगिरी व्यक्त करा, विषय संपेल. मी विचारलं, "उद्या पुण्या-मुंबईच्या हॉस्पिटलात भास्करराव बेशुद्ध पडले आणि कोणी त्यांच्या कानात कलमा म्हणून त्यांना मुसलमान करून घेतलं, तर चालेल का?" भास्करराव म्हणाले, "ते वेगळं." मी म्हटलं, "कसं वेगळं ते सांगा, मी आत्ता दिलगिरी लिहून देते." कोणी सांगितलं नाही. मीही दिली नाही.

त्यांनी मला वॉर्डातून काढून चादरी-कपड्यांच्या खोलीत बसवलं. फाटकं निवडायचं, शिवायला द्यायचं, धुतलेलं घडी करून वॉर्डांना पाठवायचं. निवृत्तीपर्यंत मी तेच केलं. वॉर्डाची सवय असलेल्या बाईला ती खोली म्हणजे शिक्षाच होती. तिथं कोणी कण्हत नाही, कोणी पाणी मागत नाही. त्याचं दुःख मला होतं आणि आजही आहे. मी गेल्यावर माझ्या वॉर्डाच्या दारात तसं कोणी उभं राहिलं का, मला माहीत नाही. एवढ्या गोष्टीसाठी मंडळी सोडायला मला काहींनी सुचवलं. दुसऱ्या चर्चमध्ये या म्हणाले. एका ओळखीच्या बाईंनी तर "तू आता धर्मबिर्म सोडूनच दे, मोकळी हो" असा सल्ला दिला. त्या बाईंनाही मी भास्कररावांइतकंच सांगून ठेवलं की माझ्या मानेला हात लावायचा नाही.

मी कुठं जाऊ? चर्च त्यांच्या बापाचं नाही. माझ्या आजोबांनी त्याच्या भिंतीला दगड वाहिलेत. दर रविवारी मी माझ्या बाकावर जाऊन बसते. मोठ्यानं गाते, जरा जास्तच मोठ्यानं. भास्करराव आता थकलेत, काठी घेऊन चालतात. पण प्रभुभोजनाच्या, म्हणजे प्रभूच्या आठवणीनं सगळ्यांनी एका भाकरीतलं खायच्या रविवारी भाकरीचं ताट घेऊन बाकांमधून फिरायचं काम अजून त्यांचंच आहे. आमच्या बाकापाशी ते आले की शेजारच्या बायका श्वास रोखून बसतात. मी त्यांच्या डोळ्यांत बघते आणि हात पुढं करते. ताट त्यांना थांबवावं लागतं. मी माझा तुकडा घेते.